पितरांकडे जाणारा बॉल

आमच्या मंडळीचे किस्से म्हणजे आइस्क्रीमचे रिकामे डबे. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण कपाट उघडलं की धडाधड अंगावर येतात! आम्ही चौघंच. रेल्वेतून रिटायर झालेले नाना, त्यांच्या पत्नी मालतीवहिनी, रामघाटावर पूजा-श्राद्ध सांगणारे बाळूगुरुजी आणि बँकेतून सुटलेला मी. दर बुधवारी दुपारी आमच्याच गावातल्या नानाखेडा भागातल्या मॉलमध्ये आम्ही बोलिंग खेळतो. हसा खुशाल!

*

पहिल्याच दिवशी नाना अडले. तिथे त्यांनी दिलेलेच शूज घालावे लागतात.

"दुसऱ्याचे जोडे? मी नाही घालणार बाबा!"

वहिनी लेस बांधता बांधता म्हणाल्या, "देवळातून येताना बरे घालून येता!"

नानांनी नऊ नंबर मागितला.

*

बॉलला तीन भोकं. दोन बोटांना, एक अंगठ्याला. वहिनींचा अंगठा आतच अडकायचा. लेन सांभाळणारे राजेशभिया (आमच्याकडे भैयाला भियाच म्हणतात) म्हणाले, "आंटी, पकड़ थोड़ी ढीली रखो."

पुढच्या बुधवारी वहिनी डबीत तूप घेऊन आल्या! अंगठ्याला चोपडलं, हात मागे नेला आणि बॉल मागच्या मागेच सुटला. खाली मांडलेल्या आमच्या पाण्याच्या बाटल्या साफ आडव्या!

"भिया, ये भी गिनो!" वहिनी ओरडल्या.

*

गुरुजींची कथा वेगळी. त्यांचा बॉल निघायचा सरळ आणि जायचा लेनच्या उजव्या कडेच्या नालीत, पिन एकही न पाडता. दर वेळी! गेल्या वर्षी इंदूरच्या मराठी मंडळींशी सामना झाला, तो आम्ही ह्याच नालीपायी हरलो. गुरुजींनी ते फार मनाला लावून घेतलं. "यंदाही माझ्यापायी हरलात ना, तर मी आपला घाटच सांभाळीन," म्हणाले. गुरुजींशिवाय बुधवार कसला?

रोग नानांनी पकडला. "गुरुजी, माझ्या वडिलांच्या श्राद्धाला हात अस्साच करायला लावता की!"

खरंच! तर्पणात देवांचं पाणी बोटांच्या टोकांवरून सरळ पुढे सोडायचं. पितरांचं मात्र जानवं उजव्या खांद्यावर घेऊन, हात उजवीकडे कलता करून, अंगठ्याच्या बाजूने. गुरुजींचा सगळा जन्म पितरांना पाणी सोडवण्यात गेलेला. मनगट आपोआप वळायचं!

"गुरुजी, बॉल पितरांना जाऊन राहिलाय. देवांना सोडा!" नाना म्हणाले.

राजेशभियांनी त्यात भर घातली, "पंडितजी, पहले अंगूठा छोड़ो, फिर उंगलियाँ."

*

गुरुजींनी ते इतकं घोकलं की घाटावर एका यजमानाला तर्पण सांगता सांगता तोंडून निघून गेलं, "पहले अंगूठा छोड़ो, फिर उंगलियाँ!"

यजमान बिचारा जाणकार होता. हात तसाच धरून त्याने विचारलं, "महाराज, ये कौन-सी परंपरा है?"

"नानाखेड़ा की!"

*

मग आला इंदूरवाल्यांशी सामना. गुरुजी चक्क छान खेळले. आमच्यापैकी कोणीही ओरडायचं, "देवांना!" आणि बॉल सरळ! पण शेवटचा डाव गुरुजींकडे आला तेव्हा आम्ही थोडे मागेच होतो. त्यांच्या पहिल्या बॉलने नऊ पिना पाडल्या. उरली एक, तीही पार उजव्या कोपऱ्यात, नालीला खेटून. ती पडली तर जिंकलो, नाही तर गुरुजी घाटावर.

इंदूरवाले हसायला लागले. वहिनींनी डोळे मिटले. मी आणि नाना सवयीने ओरडलो, "गुरुजी, देवांना!"

गुरुजींनी बॉल खाली ठेवला. सदऱ्यात हात घालून जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतलं. इंदूरवाल्यांना वाटलं, म्हातारा पाठ खाजवतोय. मग बॉल उचलला, मनगट सैल सोडलं आणि जन्मभर पितरांना पाणी सोडलं तसाच तो सोडला.

बॉल नालीच्या काठाकाठाने गेला आणि कोपऱ्यातली पिन घेऊन गेला!

आम्ही नाचत होतो. नानांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात राजेशभिया म्हणाले, "पंडितजी, रुको! आखिरी डाव में सब गिर गए तो एक बॉल और मिलता है."

गुरुजींनी शांतपणे सदऱ्यात हात घातला, जानवं पुन्हा डाव्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले,

"आता देवांना!"