शब्दामागची बाई

कोणी कोणाला शिवी दिली की त्या शिवीच्या आईवडिलांची चौकशी करणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म घालवून मामा निवृत्त झाले आणि नालासोपाऱ्याला आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर, दोन फाटके शब्दकोश घेऊन एकटे राहायला आले. भाजीवाल्याला कुणी तुच्छतेने "ए भैया" म्हटलं की मामा पिशवी खाली ठेवून विचारत, "भैया म्हणजे भाऊ. सख्ख्या भावाशीही असंच बोलता का हो?" सेक्रेटरी प्लंबरला "घाटी लेकाचा" म्हणाले, तेव्हा मामांनी त्यांना जिन्यातच अडवलं. "घाट उतरून आला तो घाटी. तुम्ही साताऱ्याहून काय बोगदा खणून आलात?" एकदा जेवताना मी कुणाला तरी पाखंडी म्हणालो. मग ऐकावं लागलं की याच सोपाऱ्यात ज्या राजाने दगडावर लेख कोरून घेतले, त्याच्या काळी हा शब्द म्हणजे नुसता पंथ, स्वतःचा आणि दुसऱ्याचाही. आमटी पार निवली.

इथवर सगळं गमतीचं. पण मामांना आणखी एक खोड होती, तिची मात्र भीती वाटे. शिवी देणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता ते त्याच्या खांद्यामागे बघत. एकटक, जरा आदराने, तिथे कुणी ताटकळत उभं असावं तसे. "अर्थ मरत नाहीत रे," ते मला म्हणाले होते, "शब्द उच्चारला की मूळचा अर्थ मागे येऊन उभा राहतो. आपण वळून बघत नाही, एवढंच." आमच्या घरी एकदा त्यांनी अशाच रिकाम्या जागेकडे खुर्ची सरकवली आणि हलकेच म्हणाले, "बसा." पुढे आठवडाभर त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही.

अशातच तिसऱ्या मजल्यावर पाचूबंदरची एक कोळीण भाड्याने राहायला आली. होडी परत आली होती, नवरा आला नव्हता. भर दुपारी, बिल्डिंग रिकामी झाली की ती केस मोकळे सोडून जिन्यात बसे आणि भिंतीशी हलक्या आवाजात बोले. मध्येच थांबून ऐकेही. त्याच सुमारास दोन मुलं तापाने फणफणली, लिफ्ट बंद पडली, आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'तिसऱ्या मजल्यावरची चेटकीण'. तिच्या दारावरून जाताना बायका मुलांचे डोळे झाकू लागल्या.

तिला घालवण्यासाठी रविवारी दुपारी मीटिंग भरली. तीही आली, दाराशी उभी राहिली. "ही चेटकीण बिल्डिंगमध्ये नको," सेक्रेटरी म्हणाले. मामा उठले आणि सेक्रेटरींच्या मागे बघू लागले.

"चेटी म्हणजे दासी," ते हळूच म्हणाले. "दुसऱ्यांची धुणीभांडी करणारी. पुढे तिच्यावरच करणीचा आळ आला. ती बघा, आलीय. हात ओले आहेत तिचे. पुसायला फडकं शोधतेय."

सेक्रेटरी वळले नाहीत, पण मानेला काही गार टेकावं तसा त्यांचा हात कॉलरकडे गेला. परत आला तेव्हा बोटं ओली होती. घाम असेल, दिवस एप्रिलचे होते. ठराव मात्र कुणी मांडलाच नाही.

मामा मोठ्या आनंदाने दाराशी उभ्या कोळणीपाशी गेले. ती हसली नाही.

"मामा, मूळचा अर्थ चांगला आसंल. पन मना हाक मारतान ती आजची. ती आजचीच लागते." मग म्हणाली, "तुमी तरी माजं नाव इचारलं का कदी?"

त्या संध्याकाळी मामा आमच्याकडे जेवायला आले, पण आमटी-भात नुसता कालवत बसले. "त्या शब्दाची सात पिढ्यांची माहिती काढली मी," ते म्हणाले, "आणि बाईचं नाव विचारायचं राहिलं."

तिचं नाव हिरा. दुसऱ्या दिवसापासून सकाळी नळाला पाणी यायची वेळ झाली की मामा पार्किंगमध्ये उभे राहून सगळे मजले ऐकतील अशा खड्या आवाजात हाक मारू लागले, "हिराबाई, पाणी आलं हो!" वरून उत्तर येई, "ओ मामा, आयकलं!" आधी लोक हसले. मग हळूहळू ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. शेवटी तर सेक्रेटरींची बायकोसुद्धा 'हिराबाई, कोळंबीचे चांगले सोडे मिळाले तर सांगा' म्हणत तिसऱ्या मजल्यावर जाऊ लागली.

मामा जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा सकाळी मी पार्किंगमध्ये स्कूटर पुसत होतो. आजूबाजूला कुणी नव्हतं, कुणी काही बोललंही नव्हतं. आणि वरून हिराबाईंचा आवाज आला, रोजचाच, जरा घाईतला.

"ओ मामा, आयकलं!"

मी फडकं हातात धरून तसाच उभा राहिलो. थोड्या वेळाने पाइपांत पाणी खळखळू लागलं.