वरची कडी

गल्लीच्या कोपऱ्यावरचं जुनं घर पाडलं, तेव्हा दाराच्या तिरक्या पट्ट्यांच्या सागवानी झडपा टेम्पोत चढताना पहिल्यांदा अक्कानं पाहिल्या. अक्का माझी थोरली बहीण. गुडघे गेल्यापासून ती चाकांच्या खुर्चीत, खिडकीशी बसून असायची. झडपा घेऊन ये, म्हणाली, त्यांचं कपाट करू; पट्ट्यांतून वारा खेळतो, लोकरीला कुबट वास येणार नाही. तिचं विणकाम तोवर माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत असे आणि दर वेळी मला ते काढून द्यावं लागे. "मला माझ्या हातानं काढता आलं पाहिजे," एवढीच तिची अट होती.

सुतार आला. झडपा माझ्या डोक्यावर हातभर जात होत्या. दीड फूट कापू, कडी खाली घेऊ, अक्कांचा हात पोचेल, असं तो कन्नडमध्ये समजावत राहिला. मी ऐकलं नाही. असलं लाकूड आता मिळत नाही. करवत लावायची नाही, नवं भोकही पाडायचं नाही, असं बजावलं. पितळी कडी होती तिथेच, वर राहिली. ती लावली नाही तर जड झडपा आपोआप उघडत.

अक्का बराच वेळ बघत होती. "तुला कपाट करायचं होतं की दरवाजे जपायचे होते?"

मी हसलो. हाक मार, मी घरातच असतो की, म्हणालो.

सुरुवातीला ती हाक मारायची. मी वाचत असे. एवढं पान होऊ दे, म्हणायचो, आणि पान उलटायचो. हाका कमी झाल्या तेव्हा मला निवांत वाटलं.

त्या डिसेंबरात तिनं मला बिनबाह्यांचा स्वेटर विणला. छातीपर्यंत निळा, वर राखाडी. रंग मध्येच का बदललास, विचारलं, तर म्हणाली, "सरी आहे की, ठीकच आहे. शोभतो तुला." मलाही ते वेगळेपण आवडलं होतं.

ती गेल्यावर महिन्याभरानं कपाट आवरायला घेतलं. मधल्या कप्प्यात, खुर्चीतून सहज हात गेला असता अशा उंचीवर, निळ्या लोकरीचे तीन गोळे होते. त्यांवरची कागदी पट्टीही निघाली नव्हती. पहिला गोळा मीच काढून दिला होता. पुढच्यासाठी तिनं हाक मारली असेल, तर ती मला ऐकू आली नाही. राखाडी लोकर तिच्या खुर्चीच्या पिशवीत, हाताशी असायची.

आता मी कडी लावत नाही. झडपा उघड्याच राहतात. एवढं तेव्हाही चाललं असतं.