प्रदक्षिणेतला चढ

देवीवर माझा विश्वास होता, पण खरं सांगायचं तर स्वतःच्या दोन हातांवर जास्त होता. कवेलू बदलताना छपरावरून पडले, मणक्याला मार लागला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, अंगणात, सगळीकडे मी हातांच्या जोरावर स्वतःला उचलून न्यायची. नवरा मदतीला आला की चिडायची. मग उजवा खांदा दुखायला लागला. आधी वेणी घालताना, नंतर कूस बदलताना, आणि शेवटी सकाळी पलंगावरून अंगच उचलेना. वर्ध्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आम्हा दोघांना समजावलं, की पायांचा सगळा भार खांद्यांवर पडतोय, तेव्हा चढ आला की कोणाला तरी ढकलू द्या, उठता-बसता आधार घ्या. मला ते रुचलं नाही. खांदा गेला तर मी दुसऱ्यांनी उचलून ठेवायचं गाठोडं होईन, ही भीती मनात घर करून बसली होती.

म्हणून देवळी गावाजवळच्या आमच्या देवीला नवस बोलले. खांदा बरा होईपर्यंत दर मंगळवारी स्वतःच्या हातांनी चाकं फिरवून प्रदक्षिणा घालीन. दुखऱ्या खांद्यासाठी त्याच खांद्याला राबवायचं, यात काही चुकतंय हे माझ्या डोक्यातही आलं नाही. कष्ट नसतील तर तो नवस कसला, असंच आम्ही समजत आलो. नवरा ऑटोतून न्यायचा आणि मी दटावलं म्हणून पायरीशी बसून राहायचा.

गाभाऱ्याच्या मागे पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार दिलेला आहे, प्रदक्षिणा घालताना तोच चढ होतो. एका मंगळवारी मी तिथेच अडकले. खांद्यातून अशी कळ गेली की चाकावरचा हात सुटला आणि खुर्ची भिंतीला जाऊन टेकली. मला रडू आवरेना. देवीचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त.

मागून एक म्हातारी भिंत धरत धरत आली.

"काऊन वं बाई, रडून राह्यली?"

"हात उचलत नाई, आजी. अन् नवस तं माह्या हातानंच हाये."

"देवीले तुह्ये हात कायले पायजे? तिले सोताचे आठ हायेत." मग ती जवळ आली. "माही काठी आज घरीच राह्यली. गुडघे लय दुखते. तुह्या खुर्चीले धरून चालू दे मले."

तिलाच आधार हवा म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? ती मागच्या दांड्यांवर भार टाकून हळूहळू चालू लागली आणि तिच्याबरोबर खुर्चीही चढ चढली. मी हात मांडीवर ठेवले. देवीसमोर आलो तेव्हा ते आपोआप जोडले गेले. इतके मंगळवार आले, पण हात चाकांवर गुंतलेले म्हणून मी नुसती मान लववून पुढे जायची. त्या दिवशी मी पोटभर नमस्कार केला.

नंतर तिची सून आली आणि तिला अल्लीपूरच्या बसकडे घेऊन गेली. ती म्हातारी देवीच होती असं माझी सासू म्हणते. मी तसं म्हणत नाही, देवीचे गुडघे दुखत नसावेत. पण त्या मंगळवारी म्हातारीला काठी कोणी विसरायला लावली, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी मी देवीची जन्मभर ऋणी आहे.

खांदा अजून दुखतो, पूर्वीपेक्षा कमी. त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावर पडल्या पडल्या मी नवऱ्याला हाक मारली, "अहो, जरा धरता काय?" ते ओले हात पुसत आले. दवाखान्यातल्या बाईंनी दाखवलं होतं अगदी तसंच मला धरून त्यांनी अलगद खुर्चीत बसवलं. बसल्यावरही त्यांचा हात माझ्या पाठीवरच राहिला.

"मले वाटे," ते म्हणाले, "तुले माहा हात लागलेला आवडतच नाई."