घरट्यावरचं गवत

आमच्या केळापूरकडे बाईला नावं ठेवायची तर तिच्या स्वयंपाकाला कोणी ठेवत नाही, वावराला ठेवतात. त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. बोंडात अळी, बाजारात भाव नाही. निदान वावर तरी निंदून लख्ख दिसावं, एवढीच ऐट हातात उरली होती, अन् ती मी चांगली मिरवत होते.

सासूचं उलटं. कापसाच्या पऱ्हाटीच्या तासात, म्हणजे ओळीत, चंडोलाचं घरटं दिसलं की तिथलं हातभर गवत ती राखून ठेवायची. हा पक्षी झाडावर घर करत नाही. भुईतच खळगी करून गवताच्या बुडाशी अंडी घालतो. तण काढायचा डवरा आला की सासू बैलांपुढे उभी राहायची. "बाजूनं घ्या, बाळंतीण हाये तिथं!" गडी हसायचे, पण डवरा वळवायचे.

त्या साली पोळ्यानंतर तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. जायच्या आदल्या दिवशी ती मला हाताला धरून घरट्यापाशी घेऊन गेली. तीन अंडी होती. ती मीच मोजून सांगितली, तिला कुठलं दिसायला? "चंडोल बोलते ते आयकू येते, पण पिल्लू पाह्यलं त्याले किती वर्सं झाले," ती म्हणाली. "नव्या डोयानं पयले तेच पाहीन. तेवढं गवत राहू दे, माय."

"राहू देतो, आत्याबाई," मी म्हटलं.

ऑपरेशन झालं. पंधरा दिवस धुळीत जायचं नाही, म्हणून ती घरीच. आठवडाभरात अंडी फुटून पिल्लं निघाली, तेव्हा मी तिला सांगितलं तर बुढी एकटीच हसत बसली.

मग बाजाराचा दिवस आला. धुऱ्यावरून, बांधाच्या वाटेनं जाणाऱ्या बाया थांबल्या. "काहून वं, पऱ्हाटीत चारा पेरला काय?" एकीनं विचारलं अन् सगळ्या फिदीफिदी हसल्या. माझं डोकं असं सणकलं की विचारू नका. त्यांच्या डोळ्यांदेखत विळा घेतला अन् ते गवत बुडापासून साफ केलं. पिल्लांना हातसुद्धा लावला नाही, असं स्वतःला वर समजावलं.

उघाड पडलेली, ऊन नुसतं चटचट पोळत होतं. मादी आली. पिल्लांवर पंख पसरून, चोच उघडी टाकून उभी राहिली. मी पाहिलं. नाही कसं पाहिलं? पाहिलं, अन् निंबाच्या सावलीत भाकर खायला गेले. परत आले तर ती बाजूच्या ढेकळावर बसली होती अन् तिन्ही पिल्लं माना टाकून पडलेली. मी त्यांच्यावर माती लोटली.

संध्याकाळी सासूनं विचारलं, "कशे हायेत?"

"उडाले," मी म्हटलं.

"एवढ्यात?" तिनं बोटांवर दिवस मोजले. मी चुलीतला जाळ सारखा करत बसले.

पंधरा दिवस झाल्यावर ती काळा चष्मा लावून वावरात आली. सरळ त्या जागी गेली, चष्मा काढला. साफ भुई पाहिली, मग माझं तोंड पाहिलं. इतकी वर्षं तिच्यासमोर काहीही लपलं असतं. आता सगळं दिसत होतं. वाटलं, शिव्या दे, दोन थोबाडीत मार.

"वावर मस्त निंदलं, पोरी," ती म्हणाली अन् घराकडे चालू लागली.

त्यावर पुढे कधीच बोलली नाही. मीही कबूल केलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा घरटं झालं. निंदणाच्या दिवशी मी विळा घेऊन त्या तासाला लागले तर ती तिथं आधीच येऊन बसलेली, छत्री उघडून, पाण्याचा गडू शेजारी ठेवून. कावळे हाकलायला बसली असेल म्हणून मी म्हटलं, "आत्याबाई, उन्हात कायले बसता? मी हाये नं इथं."

"म्हणूनच बसलो, माय," ती म्हणाली.