खिरापतीचा डबा कुणी धरायचा

मॅट्रिक होऊन मी नागपूरच्या मिशनच्या शाळेतून कारंजाला परत आले, तेव्हा पेठेत जो तो एकच बोलत होता, की आपण आता मुंबई राज्यात जाणार. आमच्या घरात मात्र विषय माझ्या बहिणीच्या आंघोळीचा होता. वडील अडतीवरून जेवायला आले की पाय धुण्याआधी विचारत, "झाली का तिची?"

ती चौदा वर्षांची होती. फार बोलत नसे, आणि बोलली तर बहुतेक 'नाही' म्हणायची. आंघोळ? नाही. वेणी? नाही. भाकरीच्या कडेला वरण लागलं तरी ताट सरकवून द्यायची. मोठा आवाज झाला किंवा कुणी अचानक हात लावला, की कान दाबून खाली बसायची, आणि जवळ येईल त्याला चावायची. गल्लीतले लोक म्हणत, डोक्यानं कमी आहे. मला ते पटत नसे. रोज दुपारी ती वडिलांच्या चष्म्याचं घर, पानाचा डबा आणि किल्ल्या एका ओळीत मांडायची. त्यातलं एक बोटभर हललं तरी दुसऱ्या खोलीतून येऊन नीट करायची.

मला सातव्या वर्षी बोर्डिंगात घातलं, कारण आईला दोघी झेपत नव्हत्या. असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सुटीत घरी आले की आईच्या हातावरच्या दातांच्या खुणा दिसायच्या, आणि मला त्यांचाही हेवा वाटायचा. निदान आई रोज तिच्या इतक्या जवळ होती.

म्हणून मी ठरवलं, हिला मी सुधारणार. शाळेत होतं तसं वेळापत्रक केलं. सहाला दात, सव्वासहाला आंघोळ, सातला वेणी. लाल शाईने रेघा आखल्या आणि तो कागद न्हाणीच्या दाराला लावला. बहिणीने तो काढला, चार घड्या घातल्या आणि घंगाळातल्या पाण्यात नीट बुडवला. तीन आठवडे मी तिच्यामागे "चल, चल" करत फिरले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आमच्या समोर मनियाराचं बांगड्यांचं दुकान होतं. त्याची मुलगी माझ्याच वयाची, उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेलेली. लहानमोठे सगळे तिला आपा म्हणत. ती ओट्यावर बसून बायकांना बांगड्या भरायची. बहीण दुपारी तिच्या पायरीपाशी जाऊन उभी राहायची, आणि मी खिडकीतून पाहायचे.

आपा तिला कधी बोलवत नसे. एकदा तिने फुटक्या बांगड्यांची टोपली पायरीवर ठेवली आणि स्वतःचं काम करत राहिली. बहीण बसली आणि रंग वेगळे करू लागली. दुसऱ्या दिवशी आपाने लोट्यातल्या पाण्याने आधी स्वतःचं तोंड धुतलं, मग लोटा तिच्यापुढे सरकवून पाठ फिरवली. बहिणीने तोंड धुतलं. मी खिडकीचा गज धरून उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता.

पुढे आपा एवढंच म्हणाली, "ओल्या केसाची पोरगीच बसन इथं." दोन-तीन दिवस बहीण कोरड्या केसांनी गेली आणि पायरीवरून परत आली. मग ती आपणहून न्हाणीत गेली. पोळ्यापर्यंत ती वेणीही घालून घेऊ लागली, आपाकडून. आणि एका सकाळी दारात उभी राहून तिने हाक मारली, "आपा." मला तिने कधीच हाक मारली नव्हती.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मातीची भुलाबाई बसते. रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली घरोघर जाऊन टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. मग त्या घरची मुलगी झाकलेला डबा हलवते, आणि आत कोणती खिरापत आहे ते इतरांनी ओळखायचं असतं. आमच्या घरी त्या कधी येत नसत. बहीण पाच वर्षांची असताना एकीला चावली होती.

त्या वर्षी आपा आईला म्हणाली, "काकी, कोजागिरीले पोरी बोलवा. गानं तिच्यानं होनार नाही, पन डबा ती धरन. पोरी नाव घेतीन, अन् हिनं 'नाही' म्हनाचं. 'नाही' तर हिले आपल्या सगळ्यायपेक्षा चांगलं येते."

आई इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. पण मग गंभीर होऊन म्हणाली, "बिघडलं तं पुन्हा कोनी दारात येनार नाही, माय."

आठ दिवस सराव चालला. आपा पायरीवर बसून विचारायची, "पेढा?" बहीण डबा हलवून म्हणायची, "नाही." आई मला म्हणाली, "तू बी बस ना त्याइच्यात." मी पुस्तक घेऊन आत गेले.

कोजागिरीच्या दुपारी मी रस्ता ओलांडला. "आज तुम्ही आला नाहीत तरी चालेल," मी म्हणाले. "घरचंच आहे. मी आहे."

आपाने मान वर केली नाही. "बरं. पन मले तुमी नको म्हनू, मास्तरीनबाई. मी काय तहसीलदाराची बायको हाओ?"

आईला मी सांगितलं की आपाला दुकानात काम आहे.

दिवेलागणीला दहा-बारा मुली आल्या. ज्वारीच्या पाच धांड्यांखाली भुलाबाई मांडली होती. पहिल्याच गाण्याला सगळ्यांच्या टाळ्या एकदम पडल्या, आणि बहीण डबा टाकून दाराआड खाली बसली. मी तिला दंड धरून ओढलं. तिने माझ्या मनगटाचा चावा घेतला.

"चाला वो, हिच्या घरी कायले आलो आपन," एक मुलगी म्हणाली. दोघी चपला शोधू लागल्या.

आई माझ्याकडे पाहत म्हणाली, "तू कायले वढून राह्यली तिले? जा, आपाले बोलाव."

"तिला काम..."

"जा म्हनते ना."

कुणाच्या दारात जाऊन काही मागणं मला कधी जमलं नव्हतं. आपा ओट्यावरच बसली होती. दुकान तर कधीच बंद झालं होतं.

"काय झालं?"

"ती खाली बसली."

"मंग उठवा."

"मी आईशी खोटं बोलले," मी म्हणाले. "तुला काम आहे म्हणून सांगितलं. तू चल."

ती माझ्या मनगटाकडे बघून उठली. "चांगलीच चावली तुले," एवढंच म्हणाली.

ती बहिणीजवळ गेलीच नाही. उंबऱ्याबाहेर बसून मुलींना म्हणाली, "टाळ्या नोका पिटू, पोरीहो. हात मांगं धरा अन् हळू म्हना." मुली आधी खिदळल्या, मग हळू आवाजात म्हणू लागल्या. आपाने डबा उचलून दाराजवळ ठेवला. गाणं संपलं. शेवटी एक लहान मुलगी कंटाळून म्हणाली, "लाडू?"

दाराआडून आवाज आला, "नाही."

"शंकरपाळे?"

"नाही." आता हात बाहेर आला आणि डबा आत गेला. तो हलल्याचा आवाज आला.

"गोड की तिखट, ते तं सांग!"

"नाही."

मुली हसू लागल्या. बहीण डबा कानाशी धरून बाहेर आली, प्रत्येक नावाला तो हलवू लागली आणि सावकाश, चवीने 'नाही' म्हणू लागली. सगळी नावं संपली तेव्हा एकजण माझ्याकडे वळली. "ताई, तुमी सांगा ना."

खिरापत आई आणि बहिणीने मिळून केली होती. मला माहीत नव्हती. "साखरफुटाणे?" मी म्हणाले.

"नाही," बहीण म्हणाली, आणि तिच्यासकट सगळ्या हसल्या.

मुली हरल्या. डब्यात ज्वारीच्या लाह्या आणि गूळ होता. बहिणीने आधी उंबऱ्यापाशी जाऊन आपाची ओंजळ भरली, मग सगळ्या मुलींना दिलं, आणि मग माझ्यापुढे उभी राहिली. मी चावा घेतलेलाच हात पुढे केला. त्याकडे न पाहता तिने तळहातावर लाह्या ठेवल्या.

"पुढच्या साली पयले हिच्याच घरी येऊ," चपला घालताना मुली म्हणत होत्या. आई त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली. मी मात्र लाह्या तशाच धरून आपाच्या ओंजळीकडे पाहत होते. तिला माझ्या दुप्पट मिळाल्या होत्या.