उंबराचं पाणी

आमच्या समोरच्या टॉवरचे सगळ्यात वरचे दोन मजले एका फार श्रीमंत माणसाने घेतले. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते छापायला बाकी सगळे आहेत.

बातमी आम्हांला पेपरातून कळली. म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर काय झालं, ते सकाळी दारात पडलेल्या पेपराने सांगितलं. मग ते थांबेचना. त्याच्या न्हाणीघराला कुठल्या देशाचा दगड बसवलाय, त्याच्या गाड्या लिफ्टने वर कशा जाणार, त्याची बायको घर बघायला आली तेव्हा तिच्या पायात कोणत्या रंगाची चप्पल होती. चॅनेलवाले ड्रोन उडवायचे आणि त्या चित्रात खाली कोपऱ्यात आमचं कौलारू घर अर्धंमुर्धं दिसायचं. माझी मुलगी मोबाइल नाकासमोर धरून ओरडायची, "मम्मी, बघ ना, आपण ट्रेंडिंगमध्ये!" मी म्हणायचे, "आपण नाही गं, आपले वाळत घातलेले टॉवेल." जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, कुणी चुकीचं वाक्य बोललं की दुरुस्त केल्याशिवाय चैन पडत नाही.

आमचं गाव बाळकुम त्या बातम्यांनी हळूहळू बदललं. रिक्षावाले गावाचं नाव विसरून टॉवरचं नाव घ्यायला लागले. रस्ता डांबरी झाला, पण टॉवरच्या गेटपर्यंतच. तिथून पुढे आमच्या आळीत खड्डे होते तसेच राहिले. कोपऱ्यावर मासळी घेऊन बसणाऱ्या बायकांना उठवलं, का तर तिथे कॅमेरे लागतात आणि मागे टोपल्या दिसतात. त्या बायका आता कुठे बसतात, मला माहीत नाही. मी बोंबील घ्यायला नाक्यापलीकडे जाते आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात भांडते, कारण समोर भांडायला कुणी नाही. गंमत म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं झालं, तो माणूस अजून राहायला आलेलाच नाही. त्याच्या मजल्यांवर दिवा लागलेला मी आजवर पाहिला नाही.

आणि त्या टॉवरच्या आवारात आमची विहीर आहे.

आमची म्हणजे कागदावर नव्हे. कागदावर ती जमिनीबरोबर केव्हाच गेली. पण आम्ही इथले जुने ख्रिस्ती. पोर्तुगीज आले तेव्हा देव बदलला, लुगडं आणि विहीर बदलली नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या बायका लुगडी नेसून, ब्रास बँड लावून, गाणी म्हणत विहिरीवर जातात. पान, सुपारी आणि एक नाणं विहिरीला द्यायचं, कळशी भरायची आणि वाजतगाजत घरी आणायची. नवरी मागे घरीच थांबते, अंगणात पाटावर, केस सोडून. त्या पाण्याने तिला न्हाऊ घालायचं. याला उंबराचं पाणी म्हणतात. माझं माहेर उत्तनचं, मला तिथल्या विहिरीचं पाणी मिळालं. माझ्या सासूबाईंच्या चारी मुली मात्र या बाळकुमच्या विहिरीच्या पाण्याने न्हाऊन सासरी गेल्या.

टॉवर बांधला तेव्हा बिल्डर तोंडाने म्हणाला होता, विहीर तुमचीच. आणि खोटं कशाला बोलू, बरीच वर्षं त्याने शब्द पाळला. आळीत लग्न निघालं की वॉचमन गेट उघडायचा, वर कळशीचा दोरही धरायचा. विहिरीकाठचा उंबर तेवढा कापला होता. विहीर बंद झाली ती त्या माणसाच्या बातम्या यायला लागल्यावर. त्याने बंद केली नाही, त्याला विहीर आहे हेही ठाऊक नसेल. लोक बघायला यायला लागले म्हणून गार्ड वाढले, गार्ड वाढले म्हणून पास आले, आणि पास आमच्याकडे नव्हता.

अशा वेळी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा डोंबिवलीचा, मानपाड्याला राहणारा, सरळमार्गी. सासूबाईंचं वय झालेलं, डोळ्यांनी जेमतेम उजेड-अंधार कळतो. त्यांनी एकच मागितलं. नातीला त्याच विहिरीचं पाणी.

"आजी, नळाला पण पाणीच येतं ना," मुलगी म्हणाली.

"नळ आपल्याला वलखतो काय गो?" सासूबाई म्हणाल्या. माझी पदवीधर मुलगी मोबाइल घेऊन आत गेली.

मी टॉवरच्या कमिटीच्या सेक्रेटरींना भेटले. अतिशय सभ्य माणूस. त्यांनी मला एसीत बसवलं, कॉफी पाजली आणि म्हणाले, "मॅडम, ट्रॅडिशनचा आम्हांला रिस्पेक्टच आहे. पण सिक्युरिटीचा इश्यू आहे, समजून घ्या." शेवटी ठरलं की मागच्या सर्व्हिस गेटने चार-पाच बायकांनी यायचं, पटकन भरायचं, निघायचं. बँड अजिबात नाही. मी आभार मानले. आपल्याच पाण्यासाठी आपण आभार मानतोय, हे घरी येऊन चप्पल काढताना लक्षात आलं.

सासूबाईंना बँडचं पटेना. "बँड नाय तं विहिरीला कसा कलंल, आपून आल्याव म्हनून?" तेव्हा असं ठरवलं की बँड गेटपर्यंत येईल आणि बाहेर थांबेल.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही निघालो. सासूबाई पुढे, डोक्यावर तांब्याची कळशी, एक हात माझ्या खांद्यावर. मागे आळीतल्या बायका लाल-हिरव्या लुगड्यांत, अंबाड्यात फुलं, त्यांच्यामागे बँड. सर्व्हिस गेटकडे जायला मेन गेटवरूनच जावं लागतं. तिथे चॅनेलची गाडी उभी होती. तो माणूस आज घर बघायला येणार, अशी कुठून तरी आवई उठली होती आणि शंभरेक माणसं मोबाइल वर करून उभी होती.

बँड ऐकून सगळे कॅमेरे आमच्याकडे वळले. एक मुलगी हातात माइक घेऊन धावत आली, आमच्याकडे पाठ करून कॅमेऱ्यात बघत भराभरा बोलायला लागली. "आणि तुम्ही पाहू शकता, स्थानिक गावकरी पारंपरिक वेशात, वाजतगाजत स्वागतासाठी आलेले आहेत! डोक्यावर मंगल कलश आहे..."

मी तिचा दंड धरला. "अहो, आम्ही कुणाच्या स्वागताला आलेलो नाही. आम्ही पाण्याला आलोय."

"पाण्याच्या तक्रारीचं नंतर घेऊ या ना काकू," ती गोड हसून म्हणाली. "आत्ता फक्त सांगा, इतकी मोठी व्यक्ती तुमची शेजारी होणार, कसं वाटतंय?"

मी तिचं वाक्य दुरुस्त करायला तोंड उघडलं. तेवढ्यात काळ्या काचांची एक गाडी आली, गर्दी तिच्यावर तुटून पडली, कुणीतरी बँडवाल्यांना "बजाओ, बजाओ" म्हणालं आणि ते बिचारे जीव खाऊन वाजवायला लागले. मी सासूबाईंना छातीशी धरून भिंतीला टेकले. गाडीत पडदे शिवणारा कारागीर निघाला, मापं घ्यायला आलेला. पण गार्डांनी तोवर दोन्ही गेटं लावून घेतली होती. मी सेक्रेटरींना फोन केला. "मॅडम, सिच्युएशन बघताय ना," ते म्हणाले, "आज पॉसिबल नाही." लग्न उद्या होतं. आज नाही म्हणजे नाहीच.

आम्ही रिकामी कळशी घेऊन परतलो. पाटावर बसलेल्या पोरीला नळाच्या पाण्याने न्हाऊ घातलं. सासूबाई गाणं म्हणायला लागल्या आणि विहिरीची ओळ आली तिथे थांबल्या. पुढे म्हटलंच नाही.

रात्रीच्या जेवणाला माणसं जमली, ताटात फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, आणि मटण होतं, पण बोलणं एकच. सगळ्यांनी आम्हांला टीव्हीवर पाहिलं होतं. आंबिवलीच्या नणंदेचा फोन आला, "अगं, आई काय दिसत होती! कुणाचं स्वागत करत होतात?" क्लिपवर मोठ्या अक्षरांत त्या माणसाचं नाव आणि खाली लिहिलेलं, ‘गावकऱ्यांकडून जंगी स्वागत’. मी प्रत्येकाला खरं सांगत सुटले. पाच-सहा जणांना सांगितल्यावर दमले. लग्नात चर्चबाहेरही लोक येऊन म्हणत होते, तुम्ही त्यांना ओळखता का हो? मुलगी सासरी गेली.

सासूबाईंनी मात्र एक मनात धरलं, पोर कोरडी गेली. मुलीला ताप आला, कोरडी गेली. जावयाची नोकरी डळमळली, कोरडी गेली. मी चिडायचे. "आई, नोकऱ्या काय विहिरीवर अवलंबून असतात?" कळशी त्यांनी माळ्यावर ठेवू दिली नाही, खाटेशेजारी ठेवली होती.

दोनेक महिन्यांनी सेक्रेटरींचा आपणहून फोन आला. ती क्लिप कमिटीला फार आवडली होती. टॉवरचा वार्षिक कार्यक्रम होता, एका चॅनेलचे लोक येणार होते, तर तुमच्या लेडीज तशाच ड्रेसमध्ये, तो मटका घेऊन, बँडसकट येतील का? बँडचा खर्च कमिटीचा. "आणि विहीर आम्ही काय मस्त रिस्टोअर केलीय मॅडम! कार्यक्रमच तिथे आहे. बघाच तुम्ही."

मी फोनवर हात ठेवून सासूबाईंना सांगितलं आणि वर म्हटलं, "आपण काय तमाशातल्या बायका आहोत का? मी नाही म्हणून सांगते."

"हो म्हन," सासूबाई म्हणाल्या.

"आई!"

"नाचाला सांगतील तं नाचंन. पानी तं मिलंल. उशिरा मिलंल, पन मिलंल. पोरीला बोलव."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मुलगी सुट्टी टाकून मानपाड्याहून आली. आजीची समजूत म्हणूनच आली होती, पण आल्यावर तिनेच पाट धुतला, अंगणात मांडला. "मम्मी, केस आधीच सोडून ठेवू का गं?" असं दोनदा विचारलं. तिची नखं खाल्लेली होती. जावयाच्या नोकरीचं अजून काही जमलं नव्हतं.

या वेळी मेन गेट उघडं होतं. गार्डांनी सलाम केला. दोन्ही बाजूंना माणसं, मोबाइल, टाळ्या. विहिरीभोवती हिरवळ आणि खुर्च्या. सासूबाईंना मी हाताला धरून नेलं. वाट नवी होती तरी त्या अंतर विसरल्या नव्हत्या. विहीर जिथे असायला हवी तिथे बरोबर थांबल्या. पान, सुपारी, नाणं हातात घेतलं. गाणं सुरू केलं. कळशीच्या गळ्याला दोर बांधला होता, तो सोडला.

कळशी टण्णकन आपटली.

विहिरीवर काच होती. जाड, स्वच्छ, काठापासून काठापर्यंत. आत खाली निळे दिवे लावले होते आणि त्यांच्या उजेडात पाणी दिसत होतं, हातभर खाली, भरलेलं.

"सुकली काय गो?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. पाणी आहे."

"मंग?"

त्यांनी दोर पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. पुन्हा तोच आवाज. लोकांना वाटलं हे असंच असतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "टफन ग्लास आहे मॅडम, काही होत नाही, वर उभ्या राहिल्या तरी चालेल."

"थोडी उघडता येईल का?" मी विचारलं. "एक कळशीपुरती."

"सील आहे ना. लहान मुलं असतात इथे." त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. त्यांनी लगेच माणूस पाठवून पाण्याच्या बाटल्या मागवल्या. "यातलं भरून घ्या ना. फिल्टर्ड आहे." तो माणूस बाटलीचं झाकण उघडून ओतणार, तोच सासूबाईंनी कळशीच्या तोंडावर तळहात ठेवला आणि तो काढलाच नाही. पान, सुपारी, नाणं त्यांनी काचेवर ठेवलं. नाणं घरंगळत गेलं आणि खुर्चीखाली जाऊन पडलं.

मग त्यांनी कळशी डोक्यावर घेतली. आम्ही निघालो. बँडवाल्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊक तेवढंच, की विहिरीवरून बायका निघाल्या की घरापर्यंत वाजवायचं. ते वाजवत राहिले. त्यांना थांबवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

घरी मुलीने लांबून बँड ऐकला असणार. आम्ही अंगणात आलो तेव्हा ती पाटावर बसली होती, केस सोडून, मान खाली घालून, डोळे घट्ट मिटलेले. सासूबाई तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. बँड थांबला.

"आजी," ती डोळे न उघडताच म्हणाली, "खूप थंड आहे का गं?"