चढणीवर माणसं सोडून गेलेली मोटार

अन्याय झाला तो उचगावच्या भागीरथी आक्कांवर आणि त्यांच्या मेलेल्या लेकीवर. झाला गेल्या किंक्रांतीला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर, संस्थानच्या हद्दीतल्या चढणीवर. मी तिथं होतो. म्हणून हे प्रवासवर्णन लिहितो आहे, नाहीतर रानातली हवा किती थंड होती हे सांगायला मला सवड नाही.

पंधरा दिवसांच्या तापातून उठलो होतो. पत्रकं वाटत गावोगाव फिरायचं आणि मिळेल ते खायचं, त्याचं फळ. वर डोंगरातल्या रानात एका मित्राचं घर आहे. त्यानं चार दिवस हवापालटाला बोलावलं. तो मुलूख संस्थानचा, म्हणजे आमच्या लेखी परमुलूखच. नाका आला की आपला कायदा संपतो.

बेळगावच्या स्टँडवर दुपारी गेलो. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, त्यामुळे आता सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात. मागं बंबासारखी उंच टाकी जोडलेली असते. ड्रायव्हर दत्तूअण्णा ती पेटवत होता आणि आम्ही धूर खात उभे होतो. पुढच्या गादीच्या सीटवर टिळकवाडीतले एक वकील आणि त्यांची बायको बसली होती. मागच्या फळ्यांवर आम्ही बाकीचे, कोंबड्या आणि गुळाच्या ढेपा. माझ्या शेजारी निपाणीचा एक तंबाखूचा दलाल होता. मोटार हलायच्या आधीच त्यानं मला विचारलं, "का वो, गांधीवाले, येवढं वाळलाय कशानं? उपासानं का भाषणानं?"

"तापानं," मी म्हणालो. पुढं बोलायची ताकद नव्हती.

उचगावच्या फाट्यावर भागीरथी आक्का चढल्या. वय साठीचं, कपाळ मोकळं, पोटाशी एक गाठोडं. चढतानाच ड्रायव्हरला म्हणाल्या, "अण्णा, दिवस मावळायच्या आत पोचवशील न्हवं?"

"व्हय आक्का. लई आधी पोचतो."

गाठोडं टपावर टाकायला त्यांनी दिलं नाही. मांडीवर धरून बसल्या. धूळ इतकी की डोळे मिटूनच बसावं लागत होतं. मी अर्धा वेळ झोपेत होतो.

नाक्यावर संस्थानच्या शिपायानं सगळ्यांना उतरवलं. कापडावर कंट्रोल आहे, नवं कापड हद्दीपार नेता येत नाही. त्यानं आक्कांचं गाठोडं सोडलं. आत कोरं हिरवं लुगडं आणि खण.

"हे काय? लगीन हाय व्हय कुठं?"

"माती हाय, बाबा," आक्का म्हणाल्या. (आमच्या भागात प्रेतयात्रेला 'माती' म्हणतात.) "लेक गेली रात्री. सकाळच्या मोटारीबरोबर सांगावा आला. तिला नेसवायचं हाय."

सवाष्ण बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवायचं, ही आमच्याकडची रीत. सासरचं कितीही भारी असलं तरी ते चालत नाही. माहेरचं माणूस येईस्तोवर थांबतात, पण दिवस मावळू देत नाहीत. माहेरी उरल्या होत्या एकट्या आक्का. मुलगा पलटणीत, लांब कुठंतरी. लुगडं शेजारणीनं आपल्या मुलीच्या लग्नासाठी जपलेलं काढून दिलं होतं.

शिपायानं गाठोडं पुन्हा बांधलं. नीट, गाठ घट्ट करून. "जावा आई," एवढंच म्हणाला. मी सरकारी शिपायांविरुद्ध पुष्कळ लिहिलं आहे. हेही लिहितो.

नाक्यापुढं रान दाट होत गेलं. जांभळाची, हिरड्याची झाडं, खाली पाचोळा. मग मोठी चढण आली. कोळशाची मोटार भरल्या अंगानं चढण घेत नाही, म्हणून मागच्या लोकांनी उतरायचं आणि पायवाटेनं वर जायचं असा रिवाज आहे. मोटार मध्ये थांबत नाही, थांबली तर दम तुटतो. वर गेल्यावर ती हॉर्न देते आणि सगळे येईपर्यंत थांबते. पुढच्या सीटवरचे उतरत नाहीत. का उतरत नाहीत, हे कुणी विचारत नाही.

"तिकीट मोटारीचं आन् पाय आपलं!" दलाल म्हणाला. सगळे हसले. आक्का एकदम चालायला लागल्या.

पण साठीचे गुडघे आणि माझा ताप. सगळे पुढं गेले. मी दर वळणावर झाडाला टेकत होतो. "तुम्ही व्हा पुढं," मी आक्कांना म्हटलं.

"वर थांबतीया की मोटार. तुला रानात सोडून जाऊ व्हय?" त्यांनी पदरात बांधलेली तिळाची भाकरी काढून माझ्या हातात ठेवली. स्वतः खाल्ली नाही. लेकीचं नाव यमुना, हे तेव्हा कळलं.

वरून हॉर्न ऐकू आला. आम्ही नेट लावला. मग थोड्या वेळानं मोटार निघाल्याचा आवाज आला, आणि तो लांब जात राहिला.

वर पोचलो तर रस्त्यावर टाकीतून झाडलेली राख पडली होती. अजून गरम होती. माझी पिशवीही मोटारीतच गेली. मी ओरडलो, शिव्या दिल्या. आक्का म्हणाल्या, "चल रं. ऊन हाय अजून."

पुढचं चालणं मला नीट आठवत नाही. उन्हाचे पट्टे झाडांच्या शेंड्यांवर गेले, मग तेही गेले. लेकीच्या गावाच्या अलीकडं ओढ्यावर माणसं अंघोळी करून ओल्या धोतरांनी परत येत होती. त्यांच्यात जावई होता. आक्कांना बघून तो मटकन खाली बसला.

"मामी, लई थांबलो हो. मोटार आली, तीत तुम्ही न्हवता. म्हटलं, सांगावाच पोचला न्हाय. आता येत न्हाईत."

मोटार मोडली असती तरी ते थांबले असते. ती आक्कांवाचून आली म्हणून त्यांनी अग्नी दिला. आक्का ओढ्यापलीकडच्या धुराकडं बघत उभ्या राहिल्या. मग गाठोडं पुढं करून त्यांनी जावयाला विचारलं, "मग काय नेसवलंसा तिला?"



चार दिवस मित्राकडं नुसता पडून होतो. परत निघालो तीही दत्तूअण्णाचीच मोटार. माझी पिशवी त्यानं जपून ठेवली होती. मी विचारलं, का सोडलंस?

"वकीलसाहेब घाई करायला लागले. म्हणाले, ऱ्हायलेल्यांची गावं हितंच आसतील, येतील चालत."

"आणि मागचे? आक्का कुठं चालल्यात ते नाक्यावर सगळ्यांनी ऐकलं होतं."

"तेबी गप बसले. दलाल म्हणाला, चला, गारठा लई हाय." त्यानं पिशवी माझ्या हातात दिली. "मीच थांबायला पायजे हुतं."

त्या चढणीवरून मोटार खाली उतरली. उतारावर कुणालाच उतरावं लागत नाही. उचगावच्या फाट्यावर हिरवं लुगडं देणाऱ्या त्या शेजारणीनं मोटारीत डोकावून विचारलं, "आमच्या आक्का वेळंत पोचल्या न्हवं?" सगळी मोटार माझ्याकडं बघत होती. मी खाली उतरून तिला सांगितलं.

वाचकहो, तुम्ही याच मोटारींनी जाता. पुढच्या सीटवर असाल तर चढणीला खाली उतरा आणि सगळ्यांबरोबर चाला. मागं असाल तर वर पोचल्यावर एकदा माणसं बघा. एक जरी खाली राहिलेला असेल तर मोटारीपुढं उभे राहा आणि तो दिसेपर्यंत हलू नका.